मोठे अक्षर, लहान अक्षर आणि ‘इतर’

वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह १९८७ साली प्रसिद्ध झाला. शहादा परिसरातील श्रमिक संघटनेच्या चळवळीत घडलेल्या या कवीच्या संग्रहाचे शीर्षक अवघे तीन अक्षरांचे आहे. देवनागरीत ते लिहिताना कोणाचीही चूक होण्याचे कारण नाही. परंतु हेच शीर्षक हार्वर्ड-क्योटो नावाच्या लिप्यंतरपद्धतीने रोमन अक्षरांत नोंदवले आणि संदर्भसूची तयार करणाऱ्या संगणकप्रणालीला इंग्रजी शीर्षकांचा नियम त्यावर चालवू दिला, तर त्याची दोन रूपे संभवतात. पहिले अक्षर मोठे केले गेले तर ‘ङोधड’. सगळी अक्षरे लहान केली गेली तर ‘गोधद’. कारण त्या पद्धतीत लहान ‘जी’ म्हणजे ‘ग’ आणि मोठा ‘जी’ म्हणजे ‘ङ’. लहान ‘डी’ म्हणजे ‘द’ आणि मोठा ‘डी’ म्हणजे ‘ड’. इंग्रजीत जो निव्वळ दृश्य अलंकार आहे, तो येथे वर्णाचा भेद आहे. ‘नटसम्राट’चीही तीच गत होते: एका नियमाने ‘णटसम्राट’, दुसऱ्याने ‘नतसम्रत’.

हा प्रकार विनोदी वाटला तरी त्यामागचा प्रश्न विनोदी नाही. महाराष्ट्रातील मराठी विभागांत गेल्या काही वर्षांत संदर्भसूचीचे जे आग्रह रूढ होत आहेत, त्यांच्या मुळाशी एक न तपासलेले गृहीतक आहे. इंग्रजी शीर्षकांच्या लेखनाचा नियम हा संशोधनशिस्तीचाच सार्वत्रिक नियम आहे, असे ते गृहीतक. प्रबंधाची संदर्भसूची कोणत्या शैलीत आहे, शीर्षकातील कोणते शब्द मोठ्या अक्षराने सुरू झाले आहेत, मराठी ग्रंथांची नावे रोमन लिपीत दिली आहेत की नाहीत, यांवरून संशोधकाची पात्रता मापली जाऊ लागली आहे. संशोधक ज्या ग्रंथाचा हवाला देतो तो ग्रंथ त्या नोंदीवरून पुन्हा शोधता येईल काय, हा संदर्भसूचीचा मूळ प्रश्न मात्र मागे पडला आहे. प्रस्तुत विवेचनाचा रोख या विपर्यासाकडे आहे.

१

मोठे अक्षर हे भाषेचे अंग नाही. ते काही लिपींचे अंग आहे. रोमन, ग्रीक, सिरिलिक, आर्मेनियन अशा मोजक्या लिपींत प्रत्येक अक्षराला दोन आकार असतात. अरबी, हिब्रू, तमिळ, बंगाली, देवनागरी या लिपींत तसा भेद नाही. महाराष्ट्रात २००० सालापर्यंत मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पाचवीपासून शिकवले जाई. त्या वयात ‘इंग्रजीच्या चार लिपी’ गिरवताना एकाच अक्षराला इतके आकार कशासाठी, हा प्रश्न अनेक मुलांना पडे. त्याचे उत्तर वर्गात क्वचितच मिळे. दुर्दैवाने ते विद्यापीठातही मिळत नाही.

रोमन लिपीतसुद्धा मोठ्या अक्षराचा वापर भाषागणिक बदलतो. जर्मनमध्ये प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू होते. फ्रेंचमध्ये ग्रंथशीर्षकाचा केवळ आरंभ मोठ्या अक्षराचा मानेस्तोवर काटकसर केली जाते. इंग्रजीत दोन रीती नांदतात. एकीत शीर्षकातील सर्व महत्त्वाचे शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतात आणि उपपदे, लहान शब्दयोगी अव्यये, उभयान्वयी अव्यये तेवढी लहान राहतात. हिला ‘टायटल केस’ म्हणतात, येथे तिला शीर्षकरीत म्हणू. दुसरीत फक्त पहिला शब्द व विशेषनामे मोठ्या अक्षराने सुरू होतात. ही ‘सेंटेन्स केस’, म्हणजे वाक्यरीत. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची, म्हणजे ‘एपीए’ची शैली संदर्भसूचीत वाक्यरीत मागते, तर ‘एमएलए’ या साहित्याभ्यासकांच्या संघटनेची शैली इंग्रजी ग्रंथांसाठी शीर्षकरीत मागते. म्हणजे जिला शिस्त म्हणून पुढे केले जाते, तिच्याबाबत इंग्रजीतील दोन प्रमुख शैलींचेही एकमत नाही. खुद्द युरोपातही या भेदाला आव्हान मिळाले होते. १९२५ साली बाउहाउस या जर्मन कलाशाळेत हर्बर्ट बायर यांनी मोठी अक्षरे पूर्णपणे वगळण्याचा पुरस्कार केला, आणि एकाच ध्वनीसाठी दोन चिन्हे कशाला, असा त्यामागचा सवाल होता. देवनागरीने तो सवाल कधी उद्भवूच दिला नाही.

म्हणून देवनागरीत मोठे अक्षर नसणे ही उणीव नव्हे. शीर्षक हे शीर्षक आहे, हे दाखवण्याचे मराठीचे उपाय वेगळे आहेत. एकेरी अवतरणचिन्हे, ठळक ठसा, ‘या नावाचा’, ‘ह्या ग्रंथात’ अशी वाक्यरचना यांतून ते काम होते. विशेषनामाचे विशेषत्व मराठीत संदर्भाने कळते, आणि आदर क्रियापदाच्या बहुवचनाने कळतो. अक्षराच्या उंचीवर यांपैकी काहीही अवलंबून नाही.

२

येथे एक वस्तुस्थिती मान्य केली पाहिजे. मराठी शीर्षक युनिकोडमधील देवनागरीत नोंदवले असेल, तर कोणतीही प्रणाली त्याचे अक्षर मोठे वा लहान करू शकत नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड संकेतात प्रत्येक अक्षराला एक वर्ग आहे. रोमन अक्षरे ‘मोठी’ वा ‘लहान’ या वर्गांत पडतात. देवनागरीची अक्षरे ‘इतर’ या वर्गात आहेत. वर्गाचे हे नाव कोणाला खुपेल, पण व्यवहारात ते संरक्षक कवच आहे. ‘इतर’ असलेल्या अक्षराला यंत्र हात लावत नाही.

मग हानी होते कोठे? ती तीन ठिकाणी होते. पहिले ठिकाण जुन्या टंकांचे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी, आणि अनेक छापखान्यांत व टंकलेखन केंद्रांत त्यानंतरही, मराठी मजकूर ज्या टंकांत जुळवला गेला ते मुळात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवणारे टंक होते. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर रोमनच असे. देवनागरी केवळ डोळ्यांना दिसे. कृतिदेव टंकात लहान ‘डी’च्या जागी पूर्ण ‘क’ आहे आणि मोठ्या ‘डी’च्या जागी अर्धा ‘क्’. या टंकात जुळवलेल्या ‘कविता’ या शब्दाला शीर्षकरीत लावली की तो ‘क्विता’ होतो. ज्यांनी आपल्या जुन्या सूची नव्या प्रणालीत जशाच्या तशा ओतल्या, त्यांच्या हाती असे शब्द येणे अटळ आहे.

दुसरे ठिकाण उच्चारानुसारी टंकलेखनाचे. हार्वर्ड-क्योटोप्रमाणेच आयट्रान्स या पद्धतीतही मोठे अक्षर वर्णभेदक आहे. ‘त’ आणि ‘ट’, ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ हे भेद तेथे अक्षराच्या आकारावरच तोलले आहेत. ‘बाळ’ आणि ‘बाल’ यांतील अंतर मराठी माणसाला सांगावे लागत नाही. इंग्रजी शीर्षकाचा नियम चालवणाऱ्या यंत्राला ते सांगूनही कळत नाही.

तिसरे ठिकाण सर्वांत व्यापक आहे: रोमन लिप्यंतराची सक्ती. तेथे यंत्र इंग्रजी शब्दांची यादी हाती घेऊन बसलेले असते. शीर्षकरीतीत लहान ठेवायच्या शब्दांच्या त्या यादीत इंग्रजीचे ‘टू’ हे अव्यय आहे. मराठीतील ‘तो’ हे सर्वनाम रोमन लिपीत नेमके त्याच दोन अक्षरांनी लिहिले जाते. परिणामी शीर्षकाच्या मध्ये ‘तो’ आला की यंत्र त्याला इंग्रजीचे क्षुद्र अव्यय समजून लहान करते. उलट ‘आणि’, ‘व’, ‘की’ ही मराठीची खरी उभयान्वयी अव्यये त्या यादीत नसल्याने मोठ्या अक्षरांनी मिरवतात. मराठीतील विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये तर शब्दाला जोडूनच येतात; त्यांना वेगळे काढणे यंत्राच्या कक्षेबाहेरचे आहे. अशा शीर्षकाने लेखकाला पाहून ‘तो मी नव्हेच’ म्हटले तर त्यात नवल नाही.

या साऱ्याच्या मुळाशी असलेला नियम प्रत्येक मराठी संशोधकाने एकदा तरी वाचावा असा आहे. झोटेरो, मेंडेली यांसारख्या प्रणाली ज्या ‘सायटेशन स्टाइल लँग्वेज’ नावाच्या संकेतभाषेवर चालतात, तिच्या विनिर्देशात शीर्षकरीत केवळ इंग्रजी नोंदींनाच लावावी असे स्पष्ट म्हटले आहे. ही तरतूद न्याय्य आहे. परंतु नोंद इंग्रजी आहे हे ठरवायचे कसे? शैलीने दुसरी भाषा सांगितलेली नसेल, तर भाषेची जागा रिकामी असलेली नोंद इंग्रजी मानली जाते. ती इंग्रजी नाही, हे संशोधकाने स्वतः लिहून सांगावे लागते. थोडक्यात, रिकामी जागा म्हणजे इंग्रजी. मौन म्हणजे संमती.

या नियमात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. यंत्राला काहीतरी गृहीत धरावेच लागते. परंतु जे गृहीत धरले जाते ते कधीच तटस्थ नसते, हे गेली तीन-चार दशके साहित्यसिद्धान्ताच्या वर्गांत घोकले जात आहे. केंद्राला स्वतःचे नाव सांगावे लागत नाही आणि परिघाला प्रत्येक वेळी आपली ओळख पटवावी लागते, या विधानावर चर्चासत्रांत माना डोलवणारे अभ्यासक आपल्याच सूचीतील भाषेचा रकाना रिकामा सोडतात. सिद्धान्त आणि व्यवहार यांतील ही फारकत शोचनीय आहे.

३

या मुद्द्यावर पहिला आक्षेप ‘जागतिक मानका’च्या नावाने घेतला जातो. मराठी संशोधन जगापुढे जायचे असेल तर जगाचे नियम पाळावेत, असा तो युक्तिवाद. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. परंतु ही मानके प्रत्यक्ष उघडून पाहिली, तर ती त्यांच्या येथील कैवाऱ्यांपेक्षा कितीतरी उदार आढळतात. शिकागो पद्धती परभाषांतील शीर्षकांसाठी वाक्यरीतच सुचवते. रोमन लिपीत लिहिल्या जाणाऱ्या इतर भाषांतील शीर्षके त्या त्या भाषेच्या रूढीप्रमाणे लिहावीत, असे एमएलए सांगते. एपीए रोमनेतर लिपीतील शीर्षकाचे लिप्यंतर मागते, आणि त्यापुढे चौकटी कंसात इंग्रजी भाषांतर मागते. पण ही अपेक्षा इंग्रजीत लिहिलेल्या लेखाकडून, इंग्रजी वाचकासाठी आहे. मराठीत लिहिलेल्या, मराठी वाचकासाठीच्या प्रबंधात मराठी ग्रंथांची नावे रोमनमध्ये द्यावीत, असा निष्कर्ष तिच्यातून निघत नाही. जो निष्कर्ष मानकातच नाही, तो मानकाच्या नावाने लादणे ही शिस्त नव्हे. ते न वाचलेल्या पोथीचे पारायण आहे.

मराठीला रोमन लिपी परकी आहे, असेही येथे सुचवायचे नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीतच छापले गेले. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरहून त्याची आवृत्ती रोमनमध्ये काढली, आणि शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ साली निघाली. भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूचीचे काम १९५०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले, तेव्हा अनेक भाषांतील ग्रंथ एकाच क्रमात लावता यावेत म्हणून तिनेही रोमन लिपी स्वीकारली. या सर्व ठिकाणी लिप्यंतर हे जाणत्या संपादकाने विचारपूर्वक केलेले कर्म होते. आजचा प्रश्न लिपीचा नसून निर्णयकर्त्याचा आहे. संपादकाची जागा रिकाम्या रकान्याने घेतली आहे.

दुसरा आक्षेप विरुद्ध दिशेचा आहे. ही यंत्रेच नकोत, शं. ग. दाते यांनी कोणत्या प्रणालीवर सूची केली होती, असे विचारले जाते. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० असा दीड शतकाचा पट कवेत घेते. तिच्यापुढे आजची कोणतीही सूची नतमस्तक व्हावी यात शंका नाही. परंतु दाते यांचे नाव घेऊन आळसाचे समर्थन करणे हा दाते यांचा अवमान आहे. त्यांच्या कार्यातून काही शिकायचे असेल तर ते हातकामाचे माहात्म्य नव्हे. ग्रंथाची नोंद ही ग्रंथाशी इमान राखते, हे शिकायचे आहे. हातांनी केलेल्या मराठी सूचींत प्रकाशनवर्ष गाळणे, आवृत्ती न सांगणे, अनुवादकाचे नाव पुसणे हे दोष कमी नव्हते. यंत्र ते रकाने समोर ठेवते आणि उत्तर मागते, ही त्याची मोठी सोय आहे. यंत्र टाकून देणारा संशोधक या सोयीलाही मुकतो, आणि पुढच्या अभ्यासकाला शोधता येईल अशी नोंदही मागे ठेवत नाही.

शिवाय इंग्रजीच्या आतही हा प्रश्न यंत्रावर सोपवलेला नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९८५ साली निघालेल्या बिबटेक या प्रणालीची मूळ शैली लेखांच्या शीर्षकांतील अक्षरे लहान करून टाकते. ज्यांनी विशेषनामे वाचवायची त्यांनी ती महिरपी कंसात बंद करावीत, अशी सोय तीत ठेवलेली आहे. २००६ साली आलेल्या झोटेरोचा आपल्या वापरकर्त्यांना सल्ला असा की शीर्षके वाक्यरीतीतच साठवावीत. वाक्यरीतीतून शीर्षकरीत यंत्राला बनवता येते. उलट दिशेने जाताना विशेषनाम कोणते आणि सामान्यनाम कोणते, हे त्याला कळत नाही. एकदा गमावलेला भेद परत मिळत नाही, हे इंग्रजीच्या तंत्रज्ञांनी ओळखले आणि माणसाचा निर्णय राखून ठेवला. मराठीच्या पंडितांनी मात्र तो निर्णय आनंदाने सोडून दिला.

४

विशेषनाम कोणते, हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. अमेरिकेत ‘नीग्रो’ हा शब्द मोठ्या अक्षराने लिहावा यासाठी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना दीर्घ काळ झगडावे लागले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो आग्रह १९३० साली मान्य केला. पुढे तो शब्दच मागे पडला, आणि ‘ब्लॅक’ हा शब्द मोठ्या अक्षराने लिहिण्याचा निर्णय असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने घ्यायला २०२० साल उजाडले. रोमन लिपीत अक्षराची उंची ही मान्यतेची खूण ठरते, याचा हा इतिहास आहे.

मराठी प्रबंधाचे इंग्रजी सारांशपत्र किंवा रोमन सूची तयार होते तेव्हा हा इतिहास आपोआप दारात येऊन उभा राहतो. ‘दलित’, ‘आदिवासी’, ‘भिल्ल’, ‘पावरा’ हे शब्द वाक्यरीतीत मोठे राहतील की लहान? ‘पावरा’ हे समाजाचे नाव आहे आणि ‘पावा’ हे वाद्याचे, हे यंत्राला कोण सांगणार? लक्ष्मण गायकवाड यांच्या आत्मकथनाचे ‘उचल्या’ हे शीर्षक एकाच वेळी एका जमातीचे नाव आहे, तिच्यावर मारलेला शिक्का आहे आणि तो शिक्का उलटवून लावणारी घोषणाही आहे. एखाद्या लेखाच्या शीर्षकात हा शब्द मध्यभागी आला तर त्याचे पहिले अक्षर कोणत्या आकाराचे असावे, यावर समाजशास्त्राचा आणि समीक्षेचा एक परिसंवाद घेता येईल. देवनागरीने ही तिन्ही अर्थवलये एकाच आकारात सामावून घेतली होती. रोमन सूची त्यांपैकी एक निवडायला भाग पाडते. आणि तो निवडीचा क्षण सध्या कोणाच्याही ध्यानात न येता, एका कळीच्या दाबण्यात निघून जातो.

५

येथवरचे विवेचन मराठीच्या बाजूचे आहे, म्हणून मराठी वाचकाला ते सुखावह वाटेल. शहाद्यात उभे राहून पाहिले तर ते सुख फार टिकत नाही.

२०११च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. या जिल्ह्यात भिलोरी, पावरी, मावची, देहवाली बोलल्या जातात. शहाद्याच्या बाजारात अहिराणी आणि गुजरीही कानी पडतात. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाने नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली, भिल्ली भाषा आणि खानदेशी यांची नोंद मराठीच्या खंडाबाहेर केली. त्या वर्गीकरणाशी मतभेद असू शकतात. परंतु भिल्ली वा अहिराणी ही मराठीची निव्वळ सावली आहे, हे मानायला त्याने जागा ठेवलेली नाही. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतयादीतही भिल्ली आणि अहिराणी यांना मराठीपासून वेगळे, प्रत्येकी तीन अक्षरांचे संकेत दिलेले आहेत.

आता या भागात लोकसाहित्यावर लिहिल्या जाणाऱ्या प्रबंधांतील सूचीचे स्वरूप काय असते? रोडाली गाणी, होळीची गाणी, लग्नगीते, देवदेवतांच्या कथा, चळवळीच्या काळातील पत्रके हा संशोधनाचा खरा ऐवज. यांपैकी पुष्कळांना शीर्षक नाही. जे आहे ते संकलकाने पहिल्या ओळीवरून किंवा प्रसंगावरून दिलेले असते, आणि अनेकदा मराठीत दिलेले असते. सूचीत ते शीर्षक मराठी म्हणून नोंदले जाते. भाषा कोणती, हे सांगण्याची गरज संशोधकाला वाटत नाही आणि मार्गदर्शकालाही वाटत नाही. इंग्रजी प्रणालीत रिकामी जागा म्हणजे इंग्रजी. मराठी प्रबंधात रिकामी जागा म्हणजे मराठी. ज्या अन्यायाविरुद्ध मराठी संशोधकाने तक्रार करावी, तोच अन्याय तो स्वतःहून दुबळ्या भाषेवर त्याच पद्धतीने, त्याच निष्पाप चेहऱ्याने करतो.

पावरी बोलणाऱ्या घरातून आलेली विद्यार्थिनी आपल्या आजीकडून ऐकलेले गाणे प्रबंधात घेते, तेव्हा तिच्यापुढे दोन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर गाणे मराठी होते. दुसऱ्या पायरीवर त्याचे शीर्षक रोमन होऊन इंग्रजी नियमाखाली जाते. दोन्ही पायऱ्या उतरून झाल्यावर सूचीत जे उरते त्यावरून ते गाणे कोणत्या भाषेतले, कोणी म्हटलेले, कोणत्या गावचे, हे कोणालाही सांगता येणार नाही. तिची सूची मात्र निर्दोष ठरते, कारण सगळी मोठी अक्षरे जागच्या जागी असतात. देशीवादाच्या मांडणीवर मराठीत एवढी शाई खर्ची पडली. तिचा एक थेंबही सूचीतील भाषेच्या रकान्यापर्यंत पोचू नये, हे या वादाचे मोठेच अपयश मानावे लागेल.

६

उपाय दुर्मीळ नाहीत आणि खर्चिकही नाहीत. ग्रंथाचे शीर्षक मूळ लिपीत, मुखपृष्ठाच्या आतील शीर्षकपृष्ठावर जसे असेल तसे, शीर्षकाच्या रकान्यात नोंदवावे. भाषेचा रकाना कधीही रिकामा सोडू नये, आणि मराठीसाठी मराठी, भिल्लीसाठी भिल्ली, अहिराणीसाठी अहिराणी असाच तो भरावा. इंग्रजी वाचकासाठी लिप्यंतर लागले तर ते वेगळ्या रकान्यात, २००१ सालच्या आयएसओ १५९१९ या मानकाप्रमाणे द्यावे. तेथे ‘ड’, ‘ण’, ‘ळ’ हे वर्ण अक्षराखालील टिंबाने दाखवले जातात. त्यामुळे अक्षर मोठे झाले तरी वर्ण बदलत नाही. लिप्यंतरित शीर्षकाला शीर्षकरीत लावूच नये. पहिले अक्षर आणि संशोधकाने विचारपूर्वक ठरवलेली विशेषनामे एवढीच मोठी असावीत. मौखिक सामग्रीच्या नोंदीत शीर्षक संकलकाने दिले असल्यास तसे सांगावे, आणि गाणाऱ्याचे नाव, गाव व भाषा यांना शीर्षकाइतकेच महत्त्व द्यावे.

याहून महत्त्वाचे काम संस्थांचे आहे. संदर्भशैली ही आकाशातून पडत नाही; ती कोणीतरी बसून लिहितो. इंग्रजीतील एकेका नियतकालिकाने आपली स्वतंत्र शैली लिहून या प्रणालींना पुरवली आहे. मराठी विभागांनी, मराठी नियतकालिकांनी आणि ग्रंथपालांनी एकत्र बसून ‘संपा.’, ‘अनु.’, ‘आ. दु.’, ‘तत्रैव’ या रूढ संक्षेपांसह, नावांच्या मराठी क्रमासह, मौखिक सामग्रीच्या स्वतंत्र प्रकारासह एक मराठी शैली सिद्ध करावी आणि ती सर्वांना मोफत उपलब्ध ठेवावी. हे काम पांडित्याचे कमी आणि चिकाटीचे अधिक आहे. कदाचित म्हणूनच ते कोणी हाती घेत नाही. तोवर परीक्षकांनी एवढे तरी करावे: मराठी प्रबंधाची सूची तपासताना अक्षरांची उंची मोजू नये, तीवरून ग्रंथ सापडतो का, एवढे पाहावे.

‘गोधड’ हे शीर्षक सूचीत ‘गोधड’ असेच राहावे, ही मागणी फार मोठी नाही. ते कोणत्या भाषेचे आहे हे त्याच्यापुढे लिहिलेले असावे, ही मागणीही मोठी नाही. पहिली मागणी इंग्रजीच्या नियमाकडे आहे, दुसरी मराठीकडे. पहिली करण्याचा अधिकार मराठी संशोधकाला दुसरी पुरी केल्यावरच मिळेल.